डेस्कटॉप सर्चला आउटलुकचे फोल्डर आणि जुनी मराठी कागदपत्रे का सापडत नाहीत?

जयवंतीकाठ (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईतील एका दिवाणी वकिलांच्या कार्यालयाचे दप्तर मी सांभाळते. साठवण तलाव आणि रस्त्यांसाठी संपादित झालेल्या जमिनींच्या वाढीव मोबदल्याचे दावे आमच्याकडे जास्त आहेत. एकेका गावाच्या नावावर निवाडे, सातबारे, फेरफार, मूल्यांकन अहवाल, वकीलपत्रे आणि औरंगाबाद खंडपीठातील अपिलांचे कागद असा मोठा साठा झाला आहे, आणि तारखेच्या दिवशी त्यातला एकच कागद ताबडतोब हवा असतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे कार्यालयात विंडोज ११ असलेला नवा संगणक घेतला, जुनी कागदपत्रे डी ड्राइव्हवर उतरवली आणि आउटलुकच्या जुन्या पीएसटी फाइलीही (ज्यांत जुन्या ईमेल साठवलेल्या असतात) जोडून घेतल्या.

तेव्हापासून शोधाचा भरवसा राहिलेला नाही. आउटलुकच्या शोधचौकटीत ‘खंडपीठ अपिले’ असे टाइप केले, तर त्याच नावाचा फोल्डर डाव्या बाजूला समोर दिसत असूनही काहीही सापडत नाही. काही जुन्या ईमेल फोल्डर उघडून खाली सरकत गेले की दिसतात, शोधल्या की दिसत नाहीत. डी ड्राइव्हवरच्या वर्ड फाइली स्टार्ट मेनूतून मिळतच नाहीत. फाइल एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर उघडून शोधल्यास नावावरून मिळतात, पण आतल्या मजकुरावरून मिळत नाहीत. संगणक बसवून देणाऱ्याने इंडेक्स, म्हणजे शोधाची सूची, रीबिल्ड करून दिला, त्यानेही फरक पडला नाही. उपाय सांगताना त्यामागचे कारणही कृपया सांगावे, कारण हे दप्तर पुढेही मलाच सांभाळायचे आहे.

मांजराकाठ (लातूर)

ताई, तूर्त पुन्हा रीबिल्ड करू नका. शोध बिघडला की पहिला सल्ला हाच दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा घाईचा असतो. रीबिल्ड केल्याने आधीची सूची पुसली जाते आणि त्याच नियमांनी नवी तयार होते; नियमच अपुरे असतील तर नवी सूचीही तितकीच अपुरी राहते.

विंडोज सर्च प्रत्येक वेळी तुमच्या फाइली उघडून वाचत नाही. ‘विंडोज सर्च’ नावाची सेवा मागे राहून फाइली आणि ईमेल वाचते, त्यांतले शब्द एका डेटाबेसमध्ये नोंदवते, आणि तुम्ही शोधता तेव्हा फक्त तो डेटाबेस चाळला जातो. कपाटात पत्र आहे, पण आवक रजिस्टरला त्याची नोंद नाही, म्हणून कारकून ‘आलेच नाही’ असे सांगतो, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे शोधायचा प्रश्न एवढाच आहे की तुमची फाइल नोंदीपर्यंत पोहोचता पोहोचता कोणत्या पायरीवर गळाली. ठिकाणच सूचीत घेतलेले नाही, ठिकाण घेतले पण मजकूर वाचला गेला नाही, मजकूर वाचला पण तो शोधता येईल अशा अक्षरांत नव्हता, किंवा सगळे नीट असून काम अर्धवट राहिले, यांपैकी काहीतरी एक झालेले असते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

एक साधी चाचणी करा. नोटपॅडमध्ये एरवी कुठेही येणार नाही असा एखादा शब्द लिहून ती फाइल डेस्कटॉपवर ठेवा, तीच डी ड्राइव्हवर तुमच्या दाव्यांच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि तोच शब्द मजकुरात लिहून स्वतःलाच एक ईमेल पाठवा. थोडा वेळ जाऊ द्या, मग तिन्ही ठिकाणी शोधा. कोणती सापडली आणि कोणती नाही, ते इथे लिहा.

जयवंतीकाठ

चाचणी केली. डेस्कटॉपवरची फाइल लगेच सापडली. ईमेलही आउटलुकमध्ये सापडली. डी ड्राइव्हवरची मात्र स्टार्ट मेनूत आली नाही. कंट्रोल पॅनेलमधील इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडून पाहिले, तर यादीत मायक्रोसॉफ्ट आउटलुक आहे, युजर्सचा फोल्डर आहे, स्टार्ट मेनू आहे; डी ड्राइव्ह नाही.

मांजराकाठ

म्हणजे सेवा चालू आहे आणि सूचीही शाबूत आहे. फक्त डी ड्राइव्ह तिच्या कक्षेत नाही. विंडोजची मूळ मांडणी ‘क्लासिक’ असते आणि तिच्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारखी ठरावीक ठिकाणेच येतात. आपल्याकडे विंडोज नव्याने टाकावी लागली तरी कागद सुरक्षित राहावेत म्हणून सगळे डी ड्राइव्हवर ठेवण्याची पद्धत आहे. ती पद्धत चांगलीच आहे, पण शोधाला त्या ड्राइव्हचा पत्ता आपणच द्यावा लागतो.

इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये ‘मॉडिफाय’ दाबून डी ड्राइव्हवरच्या दाव्यांच्या फोल्डरवर टिक करा. सेटिंग्जमधून ‘एन्हान्स्ड’ निवडला तर सगळा संगणक सूचीत येतो, पण तुमच्यासाठी ते सुचवणार नाही. मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार सूचीत ४ लाखांहून अधिक नोंदी झाल्या की वेग मंदावू शकतो, आणि प्रत्येक ईमेलही एक नोंद धरली जाते. कामाचे तेवढेच फोल्डर घ्यावेत.

त्यानंतर दोन गोष्टी तपासा. डी ड्राइव्हवर माउसची उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडा. तिथे जनरल या पानावर तळाशी, फाइलींच्या गुणधर्मांबरोबर त्यांचा मजकूरही सूचीत घेण्याची परवानगी देणारी टिक असते, ती असायला हवी. दुसरे, इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘फाइल टाइप्स’ हे पान आहे. तिथे डॉक, डॉकएक्स आणि पीडीएफ या प्रकारांसाठी गुणधर्म व मजकूर दोन्ही घेण्याचा पर्याय निवडलेला हवा. तिथे फक्त गुणधर्म घेण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर फाइल नावावरून मिळते आणि मजकुरावरून मिळत नाही. एक्सप्लोररमध्ये तुम्हाला आला तो अनुभव मात्र थोडा वेगळा आहे: सूचीबाहेरच्या फोल्डरमध्ये शोधताना विंडोज मुळात फक्त नावेच पाहते.

गोदातीर (नांदेड)

आउटलुकबद्दल मी लिहितो, कारण ताईंच्या प्रश्नात तिथे दोन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत.

पहिली फोल्डरच्या नावाची. आउटलुकची वरची शोधचौकट ईमेलमधला मजकूर शोधते, फोल्डरची नावे शोधत नाही. ‘खंडपीठ अपिले’ हे शब्द एखाद्या ईमेलच्या विषयात किंवा मजकुरात नसतील, तर तिला काही मिळणार नाही आणि त्यात बिघाड काहीच नाही. फोल्डरकडे जायचे असेल तर कंट्रोल आणि वाय या कळा एकत्र दाबा. सगळ्या फोल्डरांची यादी उघडते. फोल्डर कुठे गेला हेच आठवत नसेल, म्हणजे चुकून ओढला जाऊन दुसऱ्या फोल्डरच्या पोटात गेला असेल (माउसने काम करताना हे फार वेळा होते), तर त्यातली एखादी ईमेल आठवा, कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबून ‘ॲडव्हान्स्ड फाइंड’ उघडा आणि ती ईमेल शोधा. निकालाच्या रकान्यात ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते दिसते.

दुसरी अडचण जुन्या ईमेलची, आणि ती खरी आहे. आउटलुकच्या शोधचौकटीत क्लिक केल्यावर ‘सर्च टूल्स’मध्ये ‘इंडेक्सिंग स्टेटस’ असते. तिथे किती नोंदी शिल्लक आहेत ते कळते. आकडा शून्य असेल तर सूची पूर्ण आहे. मोठा असेल आणि तासभर थांबूनही हलत नसेल, तर काहीतरी अडले आहे. आकडा शून्य असूनही जुन्या ईमेल सापडत नसतील, तर पुढील ठिकाणी पाहा.

शोधाची व्याप्ती ‘करंट फोल्डर’ किंवा ‘करंट मेलबॉक्स’वर असेल तर जोडलेल्या जुन्या पीएसटीकडे तो जातच नाही, तिथे ‘ऑल आउटलुक आयटम्स’ निवडावे लागते. आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये ‘सर्च’ या पानावर, वेग वाढवण्यासाठी निकालांची संख्या मर्यादित ठेवणारी टिक असते. ‘मोबदला’ यासारखा शब्द तुमच्याकडे जवळपास प्रत्येक ईमेलमध्ये असणार, त्यामुळे नवे निकाल आधी येतात आणि जुने मर्यादेबाहेर राहतात. ती टिक काढून पाहा. तुमचे खाते सर्व्हरवर ईमेल ठेवणारे असेल, तर अकाउंट सेटिंग्जमध्ये किती काळाच्या ईमेल संगणकावर उतरवायच्या याची पट्टी असते. ती एका वर्षावर असेल तर त्याआधीच्या ईमेल या संगणकावर नाहीतच, मग त्यांची नोंद होणार कुठून? पट्टी ‘ऑल’वर न्या आणि इंटरनेट चालू ठेवून सगळे उतरू द्या.

पीएसटी फाइलीच दुखावलेल्या असतील अशीही शक्यता आहे. आउटलुकबरोबर ‘स्कॅनपीएसटी’ नावाचा दुरुस्तीचा प्रोग्राम येतो. आउटलुक बंद करून आणि मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवूनच तो चालवा. पीएसटी कार्यालयातल्या दुसऱ्या संगणकावर ठेवून नेटवर्कवरून उघडत असाल तर ते थांबवा, कारण तशा वापराला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही.

बालाघाट (धाराशिव)

वरचे दोन्ही प्रतिसाद अचूक आहेत, आणि तरीही मला वाटते की हे सगळे करून झाल्यावर ताईंच्या निम्म्या वर्ड फाइली सापडणार नाहीत. मी अनेक वर्षे न्यायालयीन आणि पंचायतींचे टायपिंग केले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या फाइलींपैकी एक उघडा, मराठी मजकुरावर कर्सर ठेवा आणि फाँटचे नाव पाहा. मंगल, निर्मला, कोकिळा असे काही असेल तर तो युनिकोड आहे, म्हणजे त्यात मराठी अक्षर मराठी अक्षर म्हणूनच साठवले जाते. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख असे असेल, तर त्या फाइलीत मराठी अक्षर एकही नाही. त्या फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरे, चिन्हे आणि विरामखुणा साठवलेल्या आहेत, आणि तो विशिष्ट फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार रेखाटतो. खात्री करायची असेल तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ‘फेरफार क्रमांक’ या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसेल. विंडोज सर्चनेही नेमकी तीच रांग वाचली आणि नोंदवली. तुम्ही शोधचौकटीत युनिकोडमध्ये ‘फेरफार’ लिहिता, आणि सूचीत तो शब्द कुठेच नसतो. इंडेक्स कितीही वेळा रीबिल्ड केला तरी तो तिथे येणार नाही.

विंडोज २००० पासून विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आहे, पण आपल्याकडच्या टायपिंगच्या दुकानांत आणि कार्यालयांत जुने फाँट त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिले, कारण टंकलेखकांचे हात त्या कळफलकांवर बसलेले होते आणि जुने नमुनेही त्याच फाँटमध्ये होते. त्यामुळे एकाच दाव्याच्या फोल्डरमध्ये मूळ अर्ज श्रीलिपीत, साक्षीचे शपथपत्र सुरेखमध्ये आणि अलीकडचा युक्तिवाद युनिकोडमध्ये अशी सरमिसळ असते. शोधात फक्त युक्तिवाद सापडतो आणि माणसाला वाटते की शोध लहरी आहे.

यावर खरा उपाय रूपांतराचा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी असल्यामुळे कन्व्हर्टर त्याच फाँटसाठीचा असायला हवा. जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात, म्हणून रूपांतरित प्रत फक्त शोधासाठी वापरा. मूळ फाइल हलवू नका आणि बदलू नका. न्यायालयात दाखल झालेल्या कागदाशी तीच जुळते. सगळा साठा एकदम घेण्याऐवजी चालू असलेले दावे आधी घ्या.

युनिकोडमध्येही तीन अडचणी राहतात, त्याही सांगून ठेवतो. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: कोणी नुक्त्याचा र आणि हलंत वापरतो, कोणी साधा र, हलंत आणि अदृश्य जोडखूण वापरतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत वेगळे साठवले जातात. तुमच्या कार्यालयात तर प्रत्येक पत्रावर येणारा ‘ॲड.’ हा शब्द तीन प्रकारे लिहिला गेलेला असेल: एकाच सांकेतिक चिन्हाने, अ आणि चंद्र वेगळे जोडून, किंवा ए या अक्षरावर चंद्र देऊन. अशा ठिकाणी ‘शेतक’ एवढाच भाग टाइप करा, आणि वकिलांचे पत्र ‘ॲड.’वरून शोधण्याऐवजी आडनावावरून शोधा.

दुसरी अडचण विभक्तीची. सूचीतला शोध शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो. ‘मोबदला’ असे शोधले तर ‘मोबदल्याची’ सुटते, म्हणून ‘मोबदल’ येथे थांबा. ‘संपादन’ शोधले तर ‘भूसंपादन’ मिळत नाही, कारण शब्दाच्या मधून तो सुरुवात करत नाही. तिसरी अंकांची. गट क्रमांक एकदा देवनागरी अंकांत आणि एकदा इंग्रजी अंकांत शोधावा. दोन रूपांच्या मध्ये इंग्रजी ‘ऑर’ मोठ्या अक्षरांत लिहिले तर दोन्ही एकाच वेळी शोधता येतात.

जयवंतीकाठ

तिन्ही प्रतिसादांप्रमाणे करून पाहिले. डी ड्राइव्ह सूचीत घेतल्यावर चाचणीची फाइल सापडली. फोल्डरसाठी कंट्रोल-वाय उपयोगी पडले. ‘खंडपीठ अपिले’च्या जोडीचा एक फोल्डर दुसऱ्याच गावाच्या फोल्डरखाली गेलेला होता, तोही ॲडव्हान्स्ड फाइंडमधून मिळाला. जुन्या ईमेलचे कारण पट्टीचे निघाले, ती एका वर्षावरच होती. आणि बालाघाटदादांनी लिहिले तसेच झाले: फेरफाराची ओळ नोटपॅडमध्ये चिकटवली, तर एकही मराठी अक्षर दिसले नाही. आमच्या फाइलींत सुरेख आणि श्रीलिपी दोन्ही आहेत.

दोन प्रश्न उरले आहेत. इंडेक्सिंगचा आकडा दिवसभर जवळपास जागेवरच राहतो. आणि पीडीएफपैकी काही मजकुरावरून सापडतात, काही अजिबात सापडत नाहीत.

मांजराकाठ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या कामाच्या वेळेत आहे. तुम्ही संगणकावर काम करत असता तेव्हा इंडेक्सर स्वतःहून वेग कमी करतो. इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या खिडकीत, वापरकर्त्याच्या हालचालीमुळे वेग कमी केल्याची सूचना दिसत असेल, ती हीच. संध्याकाळी कार्यालय बंद करताना संगणक बंद केला, तर त्याला मोकळा वेळ मिळतच नाही. एवढा साठा नव्याने घेतला असल्यामुळे एखादी रात्र संगणक चालू ठेवा, पॉवर सेटिंग्जमध्ये ‘स्लीप’ तेवढ्यापुरते बंद करा आणि आउटलुक उघडे ठेवा, कारण ईमेलची नोंद आउटलुक चालू असतानाच पुढे सरकते.

आपल्या भागात याच्याशी विजेचा प्रश्न जोडलेला आहे. उन्हाळ्यात आणि पहिल्या वळवाच्या पावसात वीज जाते, आणि लिहिणे चालू असताना संगणक बंद पडला तर सूचीचा डेटाबेस आणि उघडी पीएसटी दोन्ही बिघडू शकतात. यूपीएस नुसता असून भागत नाही, त्याची बॅटरी संगणक रीतसर बंद होईपर्यंत टिकायला हवी. वीज अशी गेल्यावर आकडा पूर्ण गोठला, किंवा आधी सापडणाऱ्या गोष्टी सापडेनाशा झाल्या, तर मात्र रीबिल्ड करणे योग्य आहे. रीबिल्डने फाइली किंवा ईमेल पुसल्या जात नाहीत, फक्त सूची नव्याने तयार होते.

गोदातीर

पीडीएफचे सांगतो. पीडीएफमधला मजकूर वाचण्याची सोय विंडोज ८ पासून विंडोजमध्येच आहे, त्यामुळे वर्डमधून युनिकोडमध्ये तयार केलेल्या पीडीएफ सापडतात. तलाठी कार्यालयातून आणलेला कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ हे मात्र निव्वळ चित्र असते. उघडून एखादा शब्द माउसने निवडायचा प्रयत्न करा. निवडला जात नसेल तर आत मजकूर नाही. त्यासाठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे, करावे लागते. टेसेरॅक्ट हा मोफत प्रोग्राम स्कॅनच्या चित्रातला मराठी आणि उर्दू छापील मजकूर ओळखतो आणि चित्राबरोबर मजकुराचा थर असलेली पीडीएफ तयार करून देतो. छपाई स्वच्छ असेल तर निकाल कामापुरता मिळतो.

मराठवाड्यात याच्या पलीकडचा साठाही आहे. निजामकाळातील उर्दू कागद, मोडीतले जुने दस्त, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात लोकांनी काढून आणलेल्या त्यांच्या प्रतिमा. हे हस्ताक्षरातले कागद आहेत, तिथे ओसीआरवर विसंबू नका. जाणकाराकडून वाचून घ्या आणि गाव, गट क्रमांक, वर्ष व दस्ताचा प्रकार ही माहिती फाइलीच्या नावातच युनिकोडमध्ये लिहा.

बालाघाट

त्याला जोडून एवढेच. फाइलीच्या नावात ही माहिती एकाच क्रमाने ठेवली आणि अंक सगळीकडे एकाच लिपीत लिहिले, तर ‘एव्हरीथिंग’ हा मोफत प्रोग्राम वापरा. तो मजकुराची सूची करत नाही, फक्त फाइलींची आणि फोल्डरांची नावे पाहतो. पण नावाचा मधला भागही जुळवतो, त्यामुळे ‘संपादन’ लिहिले तरी ‘भूसंपादन’ मिळते, आणि डी ड्राइव्ह त्याला वेगळा दाखवावा लागत नाही. श्रीलिपीतल्या ज्या फाइलींचे रूपांतर इतक्यात होणार नाही, त्यांची नावे तेवढी आधी बदलून घ्या. नावे युनिकोडमध्ये लिहिता येतात, आतला मजकूर तसाच राहतो.

जयवंतीकाठ

चालू दाव्यांच्या फोल्डरपासून नावे बदलायला घेतली आहेत. गाव, गट क्रमांक, वर्ष, दस्त असा क्रम ठेवला आहे आणि अंक देवनागरीत ठेवले आहेत. सुरेखमधल्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळाला. पहिल्या काही फाइलींत रफार चुकले, तेवढे हाताने दुरुस्त केले, आणि आता ‘फेरफ’ एवढे टाइप केले की त्या प्रती यादीत येतात. श्रीलिपीचे काम दिवाळीच्या सुट्टीत घेईन.